मदत हवी आहे : स्टर्न ड्राइव्हमधून दुधाळ ऑइल निघाले, सील हिवाळ्याआधीच बदलावे का?

माझ्या मोटरबोटीला स्टर्न ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिन बोटीच्या आत आणि प्रोपेलर फिरवणारा गियरचा भाग मागे बाहेर. पाणी गोठवणारी थंडी सुरू होण्यापूर्वी बोट पाण्याबाहेर काढली असून आता ती वसंतापर्यंत उघड्यावर, आच्छादनाखाली राहील. इंजिनाचे काम बहुतेक उरकले आहे. इंधनात स्टॅबिलायझर घालून ते कार्बोरेटरपर्यंत पोहोचेल इतका वेळ इंजिन चालवले, नंतर ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांतले पाणी काढून टाकले आणि पाण्याची धार थांबल्यावरही प्रत्येक छिद्रात तार फिरवून पाहिली. एका छिद्रात गाळ अडकला होता आणि तो निघताच पुन्हा बरेच पाणी आले. ते आत राहून गोठले असते, तर सुमारे ९ टक्के फुगून त्याने ब्लॉकला तडा दिला असता.

प्रश्न ड्राइव्हचा आहे. गियर ऑइल काढताना खालच्या प्लगमधून सुरुवातीला दोन-तीन चमचे दुधाळ, म्हणजे पाणी मिसळलेले, ऑइल आले आणि त्यानंतर स्वच्छ आले. प्लगच्या चुंबकाला बारीक करडा लेप होता, पण धातूचे कण किंवा तुकडे नव्हते. प्रोपेलर उतरवला तेव्हा त्यामागे शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस घट्ट गुंडाळलेली सापडली. तिने शाफ्टचे सील (पाणी आत येऊ न देणारी कडी) कापले असावे, असा माझा अंदाज आहे. सील आत्ताच बदलावे, की नवे ऑइल भरून हे काम वसंतावर ढकलले तरी चालेल? शिवाय, जमिनीपासून दूर राहावा म्हणून ड्राइव्ह वर उचलून ठेवला आहे. ते योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

तंगुशीबद्दलचा आपला अंदाज बरोबर असण्याची शक्यता बरीच आहे, तरीही केवळ त्यावर विसंबून सील बदलू नये. ऑइल रिकामे आहे तोवरच, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मर्यादेत हवेचा दाब देऊन चाचणी करावी. प्रोपेलरचा शाफ्ट हाताने फिरवत सीलवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे नेमके कुठे येतात ते पाहावे, कारण गिअर बदलण्याच्या शाफ्टचे किंवा वरच्या बाजूचे सीलही गळत असू शकते. ड्राइव्ह उतरवणे शक्य असेल, तर बेलोजच्या (बोट आणि ड्राइव्ह यांच्यामधल्या घडीदार रबरी नळ्यांच्या) घड्या उलगडून चिरा तपासाव्यात. आत पाणी किंवा गंज आढळल्यास युनिव्हर्सल जॉइंट आणि गिम्बल बेअरिंग (इंजिनाची शक्ती ड्राइव्हला देणाऱ्या शाफ्टचा सांधा आणि आधार) हेही पाहणे भाग आहे.

सील आत्ता बदलता आले तर उत्तमच. ते जमले नाही तरी ड्राइव्ह रिकामा किंवा जुन्या ऑइलवर मुळीच ठेवू नये. रिकाम्या ड्राइव्हमध्ये बेअरिंग गंजतात आणि जुन्या ऑइलमधले पाणी तळाशी जमून गोठते. रात्रभर निथळू द्यावे, मग पंपाने खालच्या छिद्रातून नवे ऑइल भरावे. वरच्या छिद्रातून येणाऱ्या ऑइलमधले बुडबुडे थांबले की आधी वरचा प्लग बसवावा आणि मगच पंप काढून खालचा प्लग लावावा. दोन्ही प्लगना नवे वॉशर वापरावेत. अशा स्थितीत बोट कोरड्या जागी हिवाळाभर राहू शकते, मात्र सील बदलेपर्यंत ती पाण्यात उतरवू नये.

ड्राइव्ह आजच पूर्ण खाली करावा. वर उचललेल्या स्थितीत बेलोज ताणलेले राहून त्यांना तसाच आकार येतो, आणि पावसाचे किंवा बर्फाचे पाणी एक्झॉस्टच्या पोकळीत साचून गोठले तर ड्राइव्हचे आवरणच फुटू शकते. जमिनीला टेकण्याची भीती असेल तर ट्रेलर किंवा बोटीखालचे टेकू उंच करावेत.