घरून काम करताना कामाची वेळ कशी आखून घ्यावी?

प्रश्न:
मी पुण्यात घरूनच न्यूयॉर्कच्या ग्राहकासाठी काम करते. सकाळी दहाला लॅपटॉप उघडते, आणि त्यांचा दिवस सुरू होतो तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असल्याने रात्री अकरापर्यंत निरोप येतच राहतात. सासूबाई ताट वाढून थांबतात आणि माझ्या कानाला हेडफोन असतो. नोकरीला धक्का न लावता वरिष्ठांशी हे कसे बोलावे?

प्रतिसाद १:
तक्रार न करता वेळापत्रक मांडा, आणि तेही ईमेलवर. न्यूयॉर्कचे सकाळचे साडेनऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले सात, परंतु नोव्हेंबरात त्यांची घड्याळे मागे गेली की आठ; म्हणून बैठकीची वेळ भारतीय वेळेनुसार लिहून घ्या, अन्यथा ती हिवाळ्यात आपोआप तासभर पुढे सरकते. रात्री थांबणे अटळच असेल, तर दुपारी एकला काम सुरू करण्याची मुभा मागा. माझ्या मते खरा उपाय हाच, बाकी सारी मलमपट्टी.

प्रतिसाद २:
कायद्यावर फार विसंबू नका. फ्रान्समध्ये २०१७ पासून मोठ्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेरील संपर्काविषयी कामगार प्रतिनिधींशी वाटाघाटी कराव्या लागतात. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांचे याच विषयावरचे २०१८ चे खासगी विधेयक मात्र कायद्यात उतरले नाही. त्यामुळे नेमणूकपत्रात कामाचे तास काय लिहिले आहेत, ते आधी पाहा.

प्रतिसाद ३:
रात्रीच्या तातडीच्या कामासाठी संघात आळीपाळीने एकेकाची पाळी लावून घ्या. ज्याची पाळी असेल त्यालाच, आणि तोही फोनच करावा, असे ठरले की इतरांना चॅट निर्धास्तपणे बंद ठेवता येते.