उसाच्या तुऱ्यातलं बी का पेरत नाहीत?

एकाने विचारलंय की उसाला तुरा (फुलोरा) येतो, मग त्यातलं बी न पेरता टिपरीच (उसाच्या कांडीचे तुकडे) का लावायची? तुऱ्यात बी धरतं, पण ते अगदी बारीक आणि लवकर निकामी होणारं असतं. शिवाय परागीभवनातून आलेलं प्रत्येक रोप वेगळं निघतं. को ८६०३२ या वाणाच्या तुऱ्यातलं बी पेरलं तर को ८६०३२ मिळणार नाही. म्हणून तुरा पैदासकाराच्या, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्याच्या, कामाचा. बहुतेक नवीन वाण संकरातून येतात, कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत हे काम १९१२ पासून चालू आहे.

टिपरी म्हणजे त्याच उसाची हुबेहूब नक्कल. गुण येतात तसे रोगही येतात: काणी (शेंड्यातून काळा चाबूक निघणारा बुरशीचा रोग), गवताळ वाढ (गवतासारखे बारीक फुटवे येणारा रोग). आपल्या कोल्हापूर भागात खोडव्यातलं (तोडणीनंतर त्याच बुडख्यातून पुन्हा वाढलेल्या उसातलं) बेणं, म्हणजे लावणीची टिपरी, सर्रास वापरतात, ते थांबायलाच हवं. बेणेमळ्यातला (खास बेण्यासाठी वाढवलेल्या मळ्यातला) १० ते ११ महिन्यांचा लावणीचा ऊस घ्या. बुडख्याकडचे डोळे (कांडीवर कोंब फुटायच्या जागा) जून, उशिरा उगवतात. तुरा आलेला ऊस तर नकोच: शेंडा थांबतो, पांगशा (बाजूचे कोंब) फुटतात. १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घालून टिपरी १० मिनिटं बुडवा. टिपरीला एकच डोळा असेल तर लावताना डोळा वर ठेवा. खाली गेला तर कोंब वळसा घेऊन येतो, उगवण मागेपुढे होते.