मदत हवी आहे: कड्यावर एकट्या उभ्या माणसाशी कसं बोलावं?
आम्ही काही स्वयंसेवक संध्याकाळी कड्याजवळ फेरी मारतो. परवा गर्दी पांगल्यावरही एक मुलगा कठडा धरून उभा होता. फोन सारखा वाजत होता, उचलत नव्हता. मी शेजारी जाऊन पाण्याची बाटली पुढे केली. तासाभराने त्याने भावाला बोलावून घेतलं. माझी धडधड अजून थांबलेली नाही.

सिडनीच्या 'द गॅप' कड्यासमोर राहणारे डॉन रिची अशांना घरी चहाला बोलवायचे. किमान १६० जणांना त्यांनी परत फिरवलं. आत्महत्येबद्दल थेट विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, हे माहीत आहे. पण पहिलं वाक्य कोणतं? कोणी समुपदेशक किंवा हेल्पलाइनवर काम केलेलं असेल तर प्लीज सांगा. फलकावर नंबरासोबत काय लिहावं, तेही.