ब्राह्मीची चाचणी मागितली तर आयुर्वेदाचा अपमान कसा होतो?

अंबाजोगाईचा नातू: आजीला विसर पडायला लागला तेव्हा आम्ही वर्षभर ब्राह्मीचं चूर्ण दिलं, अगदी मनापासून. ती दूध उतू जाईपर्यंत गॅस विसरायची, मला मामाच्या नावानं हाक मारायची. शेवटी लातूरला रक्त तपासलं तर बी-१२ फारच कमी. इंजेक्शनांनी बरीच सावरली, पण ते वर्ष गेलंच. डब्यावर 'स्मरणशक्तीसाठी' छापायचं असेल तर आधी माणसांवर रीतसर चाचणी हवी. जिन्को या झाडाच्या पानांचा अर्कही मेंदूचं औषध म्हणून जगभर खपतो. अमेरिकेत ३,०६९ वृद्धांपैकी निम्म्यांना जिन्को आणि निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली, सुमारे सहा वर्षं. २००८ साली निकाल आला: स्मृतिभ्रंश टळला नाही.

वैद्य, नांदेड: आजींचं वाचून वाईट वाटलं. पण चूक निदानाची झाली, ब्राह्मीची नाही. चरकानं चार मेध्य, म्हणजे बुद्धी-स्मरण वाढवणारी, रसायनं सांगितलीत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधातून ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस, शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटलेला गोळा. ती प्रकृती आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, बघून द्यायची असतात. तुम्ही सगळ्यांना एकच गोळी देणार आणि गुण आला नाही की शास्त्र खोटं म्हणणार. आणि ओढ्याकाठी उगवणाऱ्या पाल्याचं पेटंट मिळत नाही, मग कंपनी कामून पैसा घालील?

औषध दुकानदार, परभणी: वैद्यजी, ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती? बाजारात जलब्राह्मी आणि मंडूकपर्णी दोन्ही त्याच नावानं येतात. शंखपुष्पी म्हणून गोकर्णही खपते. जलब्राह्मीच्या अर्कावर १२ आठवड्यांच्या छोट्या चाचण्या झाल्यात, काहींत आठवण्यात थोडा फायदा दिसला. त्याचा दाखला मंडूकपर्णीच्या डब्याला कसा चालेल?

शेतकरी, जिंतूर: माझे वडील रोज सकाळी पाला चावून खायचे. शेवटपर्यंत गावातले गट नंबर तोंडपाठ. आम्हाला एवढं पुरे आहे.

अंबाजोगाईचा नातू: दादा, ते रोज शेतातही राबायचे ना? पाल्यानं किती झालं आणि कष्टानं किती, हे एका माणसावरून कसं कळणार? वैद्यजी, प्रकृतीचा मुद्दा मला पटतो. मग औषध तुम्हीच ज्याचं त्याला ठरवा. फक्त निम्म्या रुग्णांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं चूर्ण जाऊ द्या, आणि कुणाला काय गेलं हे तुम्हालाही कळू नये. पैसा सरकारनं घालावा, तिथं तुमच्याशी भांडण नाही. नोंदींनी काय होतं ते सर्पगंधा या वनस्पतीचं बघा. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रुग्णांच्या नोंदी छापल्या आणि जगानं ती रक्तदाबावर घेतली.

वैद्य, नांदेड: तिच्या मुळीतून एकच द्रव्य काढून गोळी केली, अन् काहींना उदासी आल्याचं दिसलं, हेही लिहा.

अंबाजोगाईचा नातू: लिहितो. नोंदी होत्या म्हणूनच ते दिसलं. तुमच्याकडं विसराळूपणाचा रुग्ण आला की पहिल्या दिवशी बी-१२, थायरॉइड आणि स्मरणाची तपासणी लिहून ठेवा, तीन महिन्यांनी पुन्हा तीच. वह्या भरायला मी रविवारी नांदेडला येत जाईन.