मदत हवी आहे : ऑफिसचा जुना कॉम्प्युटर पूर्ण पुसून भाचीला द्यायचाय

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तिथला डेस्कटॉप भाचीला द्यायचाय. चौथ्या पिढीचा आय-थ्री, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. त्यात व्यापाऱ्यांची बिलं, कामगारांची आधार कार्डं, पासबुकांचे स्कॅन, सगळंच. क्विक फॉरमॅटने फक्त फायलींची यादी पुसली जाते, आतला माल तसाच राहतो, म्हणून ते नको. टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतलाय, दुसऱ्या मशीनवर उघडूनही बघितलाय.

अडलंय ते पुढं. विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून डिस्कपार्टमध्ये (विंडोजमधलंच डिस्कचं टूल) ‘क्लीन ऑल’ दिलं की पूर्ण डिस्कवर शून्य लिहिलं जातं. घरच्या वापरासाठी तेवढं पुरे ना? वेळ किती लागेल? आणि मध्येच लाइट गेली तर डिस्क बिघडेल, की पुन्हा पहिल्यापासून चालवलं की झालं? (आमचा यूपीएस म्हणजे नुसता आवाज करणारा डबा.)

दुसरं म्हणजे, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ तर या प्रोसेसरवर अधिकृतपणे बसत नाही. जुगाड करून बसवणं मला पटत नाही. तिला मराठी टायपिंग आणि ऑनलाइन क्लास एवढंच लागतं, मग सरळ लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टीम) टाकू का? दुकानदार म्हणतो, एसएसडी (साध्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) टाका, जुनी डिस्क ड्रिल मारून भंगारात द्या. चालू डिस्क फोडायला जीव होत नाही ओ. एसएसडी घेतलीच तर २५६ जीबी पुरेल का, तेही सांगा की.