भरीत पार्टी आणि "झोपू दे त्याला"

प्रेषक: नाना (सध्या मुक्काम यावल तालुका)
विषय: परवाची भरीत पार्टी

मंडळी, नमस्कार.

अमेरिकेहून घरी येऊन दोन आठवडे झाले. चंपाषष्ठी उलटली, आता मळ्यामळ्यातून भरिताचा धूर निघतोय. परवा पुतण्याच्या कॉलेजची बारा-चौदा पोरं आमच्या मळ्यात जमली. आमचे चिरंजीव (ओहायो, दुसरं वर्ष) त्यांच्यातच. हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजली, बडगीत ठेचली, वर तेलात परतलेली मिरची आणि कांद्याची पात. कळण्याच्या भाकरी वहिनीने थापून दिल्या. मी जेवून नऊला घरी आलो. पोरांच्या पिशवीत बाटल्या होत्या त्या मला दिसल्या नाहीत. म्हणजे दिसल्या असतील, मी बघितलं नाही.

साडेअकराला मुलाचा फोन. एक पोरगा केळीच्या बांधाला उताणा पडलाय, हाका मारून डोळे उघडत नाही, घशातून घरघर येतेय. बाकीचे म्हणत होते, झोपू दे त्याला, सकाळी उतरेल. दोघांचा बेत तर त्याला मोटारसायकलवर मधे बसवून घरी टाकायचा. आमच्याने त्याला कुशीवर वळवला, आणि दोन मिनिटांत तो भडाभडा ओकला. उताणाच राहिला असता तर काय, हे मी अजून बायकोला बोललेलो नाही.

१०८ लावायला कुणी तयार होईना. पोलीस येतील, बापाला कळेल. शेवटी मी लावला. आता मळ्याला कसला आलाय पत्ता? "मारुतीच्या पुढे, डीपीपासून डावीकडे" हे फोनवरच्या मुलीला सांगून बघा. एक पोरगा टॉर्च घेऊन फाट्यावर उभा राहिला म्हणून गाडी पोचली. पोरगा वाचला. घरी आहे, बाप त्याच्याशी बोलत नाही.

जानेवारीत अमेरिकेतल्या आपल्या मंडळाने नव्या विद्यार्थ्यांना बोलावलंय. तिथे हा विषय काढावा का?

नाना

प्रेषक: ताई, न्यू जर्सी

नाना, काढाच. "झोपू दे, उतरेल" हे वाक्य मी इमर्जन्सीत नोकरीला लागल्यापासून ऐकतेय, फक्त इंग्रजीत. पोटात उरलेली दारू माणूस झोपल्यावरही रक्तात उतरत राहते. म्हणून अकराला बडबड करणारा साडेअकराला बेशुद्ध सापडतो. यकृत आपल्या चालीनेच चालतं, तासाला साधारण एक ड्रिंक. लिंबूपाणी, कोरी कॉफी, अंगावर गार पाणी, कशानेही त्याची चाल वाढत नाही. अर्धवट शुद्धीतल्या माणसाला काही पाजलं किंवा घशात बोटं घालून ओकायला लावलं, तर ते फुप्फुसात जायची भीती.

श्वास मोजायचे. मिनिटाला ८ पेक्षा कमी, किंवा दोन श्वासांच्या मधे १० सेकंदांचा खंड. ओठ-नखं निळसर, अंग गारठलेलं, चिमटा काढूनही जाग नाही. यातलं एक दिसलं तरी फोन लावायचा, बाकीची दिसायची वाट बघायची नाही. कुशीवर निजवून वरचा गुडघा वाकवून पुढे घ्यायचा, वरचा हात गालाखाली. आणि गाडी येईपर्यंत एकाने तिथून हलायचं नाही.

दुसरं म्हणजे माप. अमेरिकेत एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम अल्कोहोल, साध्या बीअरचा ३५५ मिलीचा एक कॅन. आपल्याकडचा ६० मिलीचा पेग, ४२.८ टक्क्यांचा धरला, तर २० ग्रॅम भरतो. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बीअरची ६५० मिलीची बाटली ४० ग्रॅमच्या वर जाते. "मी एकच बीअर घेतली" म्हणणारा पोरगा खोटं बोलत नसतो. त्याच्या पोटात जवळजवळ तीन कॅन गेलेले असतात.

प्रेषक: जिभाऊ, टेक्सास

म्हणजे आता मंडळ पोरांना बाटलीचं गणित शिकवणार! महाराष्ट्रात दारूला वयाची २५ पूर्ण लागतात, सौम्य बीअरलाही २१. अमेरिकेत २१. ती पोरं असतील एकोणीस-वीसची. त्यांना एकच वाक्य सांगा, पिऊ नका.

आणि नाना, विहिरीचं काही लिहिलं नाहीत. धुळ्याला आमच्या होस्टेलचा एक जण अशाच पार्टीत अंधारात बिनकठड्याच्या विहिरीत गेला. एक थेंब प्यालेला नव्हता. पाणी होतं आणि पोहता येत होतं म्हणून निभावलं. बारा पोरं रात्री मळ्यात सोडलीत, विहिरीवर दिवा होता का?

प्रेषक: विद्यार्थी गटातली एक

जिभाऊकाका, "पिऊ नका" घरून निघताना सगळ्यांनी सांगितलं होतं. शेजारी पडलेल्या मैत्रिणीचं काय करायचं हे मला इथे आल्यावर कळलं.

आमच्या इथे घरगुती पार्टीत मोठ्या टबात सरबतासारखं काहीतरी कालवलेलं असतं. त्यात काय किती ओतलंय हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं. ते मी घेतच नाही. ग्लास खाली ठेवला तर तो परत उचलत नाही, मग त्यात कोक का असेना. चौघी गेलो तर चौघीच परत, आणि एकीने त्या रात्री प्यायचं नाही. आम्ही पाळी लावलीय. गटात फक्त "आईचा फोन आला" एवढं लिहिलं की बाकीच्यांनी येऊन घेऊन जायचं, कारण विचारायचं नाही.

पोलिसांची भीती इथेही आहे, त्यात व्हिसा. पण बऱ्याच राज्यांत मित्रासाठी ९११ (इथला १०८) लावणाऱ्या एकवीसच्या आतल्यावर पिण्याबद्दल कारवाई होत नाही. आपापल्या राज्याचा आणि कॉलेजचा नियम पहिल्याच आठवड्यात वाचून ठेवावा. दारू पिऊन गाडी चालवली तर मात्र दयामाया नाही. कोर्टाचा निकाल लागायच्या आधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

आणि नानांना तिघांनी खासगीत विचारलं म्हणे, "मुली होत्या का?" (त्यांचा मुलगा माझा मित्र आहे.) होत्या, दोन. १०८ लावा म्हणून पहिल्यांदा त्याच बोलल्या होत्या.

प्रेषक: नाना

जिभाऊ, दिवा नव्हता. काल लावला, आणि विहिरीभोवती सध्या तारेचं कुंपण घातलं, कठडा उन्हाळ्यात बांधीन. मोटारीच्या खोलीवर पेंटरकडून मोठ्या अक्षरात १०८, गट नंबर आणि "मारुती फाट्यावरून दुसरा डावा रस्ता" असं लिहून घेतलं. पेंटरने विचारलं, भाऊ, मळा विकायला काढला का?

त्या पोराचा बाप संध्याकाळी मोटारसायकल न्यायला आला होता. चहा घेतला, भिंत वाचली, काही बोलला नाही. जाताना मोबाइल काढून भिंतीचा फोटो घेतला.