मदत हवी आहे: नेव्हरविंटर नाइट्समधले मॉड्यूल, हॅक, टीएलके हे शब्द कळेनात, तलवारीच्या नावाच्या जागी 'बॅड स्ट्ररेफ' येतंय

दुधनाकाठ (सेलू)

नमस्कार मंडळी. नेव्हरविंटर नाइट्स या कॉम्प्युटर गेमची एनहान्स्ड एडिशन (नवी आवृत्ती) खेळायलोय. आता चाहत्यांनी बनवलेली साहसं खेळायची आहेत. व्हॉल्टवरून (अशा साहसांची वेबसाइट) एक उतरवलं, त्यातून तीन फायली निघाल्या: डॉट मॉड, डॉट हॅक आणि डॉट टीएलके. आधी तिन्ही ओव्हरराइड फोल्डरात टाकल्या, तर साहस यादीत दिसेचना. मग मॉड आणि हॅक आपापल्या नावाच्या फोल्डरात हलवल्या. आता सुरू व्हायलंय, पण एका नव्या प्रकारच्या तलवारीवर 'बॅड स्ट्ररेफ' असं लिहून येतंय.

या तीन फायलींचं नेमकं काम काय? ओव्हरराइड कशासाठी असतं? आणि लढाईत खाली जे आकडे पळतात (एबी, एसी, डीसी) ते कसे वाचायचे? इंग्रजीत माहिती लई आहे, पण तिथं सगळे हे शब्द येतात असं धरूनच लिहितात.

मांजरातीर (लातूर)

तलवारीचं आधी सांगतो, ते दोन मिनिटांचं काम आहे. ओव्हरराइडमधली टीएलके फाइल उचला आणि 'टीएलके' नावाच्या फोल्डरात ठेवा. फोल्डर नसेल तर मॉड्यूल्स, हॅक यांच्या शेजारीच नवा करा. गेम बंद करून परत चालू करा.

असं का होतं ते बघा. नव्या प्रकारची शस्त्रं, नवे फीट (पात्राच्या खास करामती), नवे वर्ग (फायटर, विझार्ड असे पात्रांचे प्रकार) यांची नावं गेम थेट साठवत नाही, फक्त एक क्रमांक साठवतो. त्या क्रमांकापुढचा मजकूर टीएलके नावाच्या तक्त्यात असतो. तक्ताच सापडला नाही तर गेम 'बॅड स्ट्ररेफ' लिहितो, म्हणजे या क्रमांकाची ओळ मिळाली नाही. गेमचा स्वतःचा तक्ता डायलॉग डॉट टीएलके, त्याला कधीच हात लावू नका. काही जण साहसाची टीएलके त्याच नावाने त्याच्यावर चढवतात आणि मग सगळ्या गेमचीच नावं बिघडतात.

आता शब्द. तमाशाचा फड डोळ्यापुढे आणा. फड म्हणजे गेम: तेच कलाकार, तेच ढोलकीवाले. मॉड्यूल म्हणजे त्या रात्रीचा वग: जागा, माणसं, संवाद, काय घडलं की काय होतं, सगळं एका मॉड फाइलीत. हॅक म्हणजे त्या वगासाठी वेगळी आणलेली कपड्यालत्त्याची पेटी: नवे चेहरे, नव्या इमारती, नवी शस्त्रं. पेटी नसेल तर वग उभाच राहत नाही, म्हणून हॅक नसताना मॉड्यूल लोड होत नाही. मॉड्यूलमध्ये हॅकचं नाव अक्षर न् अक्षर लिहिलेलं असतं, त्यामुळे फाइलीचं नाव बदलू नका. एका मॉड्यूलला हॅक कितीही, पण अशी टीएलके एकच लागते.

ओव्हरराइडमध्ये ठेवलेलं मात्र प्रत्येक साहसाला लागू होतं, मूळ मोहिमेलासुद्धा. म्हणून ते फोल्डर रिकामं ठेवा. दुसऱ्या कुणाचे बदललेले नियम किंवा स्क्रिप्ट तिथं पडून राहिले, तर सहा महिन्यांनी भलत्याच साहसात दार उघडेना होतं आणि कारण हाती लागत नाही. आणि एखादी गोष्ट हॅकमध्येही असेल आणि ओव्हरराइडमध्येही, तर हॅकमधली चालते.

दुधनाकाठ (सेलू)

झालं! तलवारीचं नाव दिसायलंय. धन्यवाद, दादा. आधीचा सेव्ह चालू ठेवला तर चालेल का? आणि अजून एक साहस उतरवलंय, त्याच्या हॅक फायली योग्य फोल्डरात असूनही गेम त्या सापडत नाहीत म्हणतोय.

मांजरातीर (लातूर)

सेव्ह चालेल. टीएलकेचं नाव मॉड्यूलमध्येच लिहिलेलं असतं, गेम ते दरवेळी शोधतो.

हॅक सापडत नसतील तर या क्रमाने बघा. एनहान्स्ड एडिशन या फायली इन्स्टॉल केलेल्या जागी शोधत नाही, डॉक्युमेंट्समधल्या 'नेव्हरविंटर नाइट्स' फोल्डरात शोधते. जुन्या १.६९ आवृत्तीत त्या इन्स्टॉलच्या जागीच असत, त्यामुळे जुन्या सूचना वाचून गल्लत होते. विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स वनड्राइव्हला जोडलेलं असेल तर खरं फोल्डर वनड्राइव्हच्या आत असतं. शंका असेल तर एनडब्ल्यूएन डॉट आयएनआय नोटपॅडमध्ये उघडा, 'एलियस' या भागात प्रत्येक फोल्डरचा पूर्ण पत्ता आहे. मग फोल्डरात फोल्डर झालंय का बघा. झिप सोडवल्यावर बऱ्याचदा हॅकच्या आत आणखी एक हॅक फोल्डर तयार होतं. गेम आतल्यात डोकावत नाही.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवलं असेल तर फाइल पूर्ण आली का तेही तपासा. सेव्हन-झिप 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह' म्हणालं, की मधेच तुटलीय. परत उतरवण्याशिवाय इलाज नाही.

पानावर सीईपी लिहिलंय का? कम्युनिटी एक्स्पान्शन पॅक म्हणजे अनेकांच्या कामाचा एकत्र गठ्ठा, शेकडो साहसं त्यावर उभी आहेत. सीईपी १ आणि सीईपी २ वेगळे आहेत, एकावर केलेलं साहस दुसऱ्यावर चालेल असं धरू नका. पानावर जी आवृत्ती लिहिलीय तीच घ्या.

बालाघाट (बीड)

आकड्यांचं मी सांगतो. हा गेम २००२ चा, बायोवेअरचा. नियम डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या तिसऱ्या आवृत्तीचे. सगळा खेळ वीस बाजूंच्या एका फाशावर चालतो, त्याला डी२० म्हणतात. '१डी८' म्हणजे आठ बाजूंचा फासा एकदा.

नवं पात्र करताना सहा गुण प्रत्येकी ८ वर असतात आणि वाटायला ३० पॉइंट मिळतात. १४ पर्यंत एका वाढीला १ पॉइंट, १५ आणि १६ ला प्रत्येकी २, १७ आणि १८ ला प्रत्येकी ३. म्हणजे १६ ला १० पॉइंट, आणि १८ ला तब्बल १६. नवखे लोक इथंच चुकतात: एक गुण १८ वर नेतात आणि अंगात दम राहत नाही. पहिल्या फायटरला स्ट्रेंग्थ १६, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, इंटेलिजन्स १२, विस्डम १०, करिस्मा १० असे द्या. बरोबर ३० होतात.

गुणातून १० वजा करून निम्मं करा (अपूर्णांक खाली सोडा), तो झाला मॉडिफायर. १६ चा +३, १४ चा +२, ८ चा –१. फाशात मिसळतो तो हा आकडा, १६ नाही.

आता लढाईची ओळ. पहिल्या लेव्हलचा हा फायटर गॉब्लिनवर वार करतो, तेव्हा खाली असं येतं:

शिवा अटॅक्स गॉब्लिन : हिट : (१४ + ४ = १८)

१४ फासा पडला. ४ म्हणजे एबी, अटॅक बोनस: फायटरच्या पहिल्या लेव्हलचा १ आणि स्ट्रेंग्थचे ३. बेरीज १८. गॉब्लिनचा एसी, म्हणजे आर्मर क्लास, १५ असेल तर १५ किंवा जास्त बेरजेला वार लागतो. फासा २० पडला तर बेरीज न बघता लागतो, १ पडला तर न बघता चुकतो.

उलट बाजूने: एसी १० पासून सुरू होतो. चेनमेलचे ५, मोठ्या ढालीचे २, डेक्स्टेरिटीचे २, झाले १९. समोरच्याचा एबी २ असेल तर त्याला १७ किंवा जास्त पडावं लागेल, म्हणजे २० पैकी ४ वार लागतील. ढाल काढली की एसी १७, आणि २० पैकी ६ लागतील. सुरुवातीला ढाल सोडू नका म्हणतात ते यासाठी.

लाँगस्वोर्डवर '१९–२०, ×२' लिहिलंय. फासा १९ किंवा २० पडून वार लागला की गेम दुसरा फासा टाकतो, ओळीत तो 'थ्रेट रोल' म्हणून दिसतो. त्याचीही बेरीज एसीला पोचली तरच दुप्पट इजा होते. २० पडूनही इजा साधीच का, याचं उत्तर त्या दुसऱ्या फाशात असतं.

डीसी म्हणजे पार करायचा आकडा. '(१५ + ४ = १९ व्हर्सेस डीसी १४)' म्हणजे तुमचे १९, हवे होते १४, वाचलात. कशापासून वाचायचं त्यावर फाशात कोणता बोनस मिसळतो ते ठरतं: विषाला फॉर्टिट्यूड, आगीच्या गोळ्याला रिफ्लेक्स, भुरळीला विल.

दुधनाकाठ (सेलू)

हे कुठंच असं उलगडून मिळालं नव्हतं. एकच राहिलं: साहसाच्या पानावर 'लेव्हल ५ ते ८' लिहिलंय. माझा विझार्ड लेव्हल ३ चा आहे, पण त्याला लेव्हल ३ चे मंत्र मिळालेच नाहीत. मग लेव्हल मोजायची कशी?

गोदातीर (नांदेड)

'लेव्हल' हा शब्द इथं दोन अर्थांनी येतो, म्हणून घोळ होतो. पात्राची लेव्हल वेगळी, मंत्राची वेगळी. फायरबॉल तिसऱ्या लेव्हलचा मंत्र आहे. तो विझार्डला पात्राच्या ५ व्या लेव्हलला मिळतो, सॉर्सररला ६ व्या. विझार्डने मंत्र आधी पुस्तकात लावून विश्रांती घ्यावी लागते, सॉर्सरर जे येतं ते ऐनवेळी वापरतो.

पानावर लिहिलेली लेव्हल पात्राची. ती हलक्यात घेऊ नका. पहिल्या लेव्हलच्या विझार्डला कॉन्स्टिट्यूशन १४ असताना ६ हिट पॉइंट (किती इजा सोसेल तो आकडा) असतात, फायटरला १२. ५ व्या लेव्हलसाठी रचलेल्या चकमकीत तो पहिल्याच झटक्यात जातो. दुसऱ्या लेव्हलला १,००० एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) लागतात, तिसऱ्याला ३,०००, चौथ्याला ६,०००, पाचव्याला १०,०००. काही साहसांत सुरुवातीच्याच खोलीत एखादी मूर्ती किंवा माणूस तुम्हाला हव्या लेव्हलला नेऊन सोडतो, आधी त्याच्याशी बोला.

तेच पात्र पुढं न्यायचं असेल तर आधीच्या साहसात मेन्यूमधून 'एक्स्पोर्ट कॅरेक्टर' करा. ते लोकलव्हॉल्ट फोल्डरात डॉट बीआयसी फाइल म्हणून जातं आणि नव्या साहसात यादीत दिसतं. पण तुमची ती नवी तलवार आधी उतरवून ठेवा. ज्या साहसात तो हॅक नाही, तिथं ती वस्तू गेमला ओळखूच येत नाही.

पान वाचताना आणखी दोन शब्द बघा. 'सिंगल प्लेअर' म्हणजे एकट्याने. 'पीडब्ल्यू' म्हणजे पर्सिस्टंट वर्ल्ड, सर्व्हरवर सतत चालू असणारं जग. ते मॉड्यूल्सच्या यादीत शोधू नका, मल्टिप्लेअरमधून जा. तिथले हॅक गेममधलीच एनडब्ल्यूसिंक नावाची सोय आपोआप उतरवते, तुम्ही फक्त डेटा पुरेल एवढा ठेवा.

पहिलंच साहस निवडताना स्वोर्डफ्लाइट घेऊ नका. ते उत्तम आहे, लेव्हल १ पासून सुरू होतं, पण फार कठीण म्हणूनच ओळखलं जातं. एलंड सागाही लेव्हल १ पासून आहे, नवख्याला ती सोयीची. आणि अडचणीचं सेटिंग 'हार्डकोअर' असेल तर तुमचा फायरबॉल तुमच्या हेन्चमनलाही (सोबत लढणाऱ्या साथीदारालाही) भाजतो, नॉर्मलला नाही.

दुधनाकाठ (सेलू)

धन्यवाद, ताई. विझार्ड आत्ता बाजूला ठेवतो, बीड दादांचा फायटर घेऊन एलंडपासून सुरू करतो. मधे त्याची नवी आवृत्ती आली तर चढवू का?

मांजरातीर (लातूर)

सेव्हमध्ये मॉड्यूलची पूर्ण प्रत असते, त्यामुळे नवी मॉड फाइल चालू सेव्हला लागतच नाही, नव्याने सुरू केल्यावरच लागते. हॅक मात्र बाहेरच राहतात. अर्ध्यात हॅक काढला तर सेव्ह उघडणार नाही, बदलला तर बिघडू शकतो. एक साहस संपेपर्यंत त्याचे हॅक जसेच्या तसे ठेवा. आणि क्विकसेव्हची जागा एकच असते, ती दरवेळी पुसली जाते. सेव्ह होताना लाईट गेली तर तेवढीच हाती असलेली फाइल जाते, म्हणून प्रत्येक नव्या भागात शिरण्याआधी नाव देऊन वेगळा सेव्ह करत चला.